"मॅडम, दोन्ही पर्याय बरोबर वाटतात"

"सगळं पाठ आहे, तरी दोन्ही पर्याय बरोबर वाटतात." लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरची खुर्चीत टेकायच्या आतच मला ते ऐकू येतं. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी जणी नाईट ड्यूटी, स्वयंपाक, लेकरं सांभाळून तिची तयारी करतात. तीन-चार जणींची गोष्ट इथं एकीत घातलीय. तिला रेखा म्हणू.

रेखा अहमदपूरकडची, सात वर्षं वॉर्डात काढलेली, एकदा नापास. फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेरून देतो म्हणून वर १५०. दिरानं त्याचे रुपये करून घरात सगळ्यांना ऐकवलेले. तिनं वही उघडली. हिरव्या शाईत पोटॅशियम ३.५ ते ५.०, खाली लाल शाईत 'शिरेतून थेट ढकलायचं नाही'. बोट ठेवायला जागा नव्हती. "रोज सहा घंटे वाचायलेय." लातूर पॅटर्नमध्ये वाढलेलं लेकरू, दुसरं काय करणार!

पहिल्या दोन भेटी मी 'पास व्हायलाच पाहिजे' यातला 'च' काढण्यात घालवल्या. (मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. असा 'च'चा हट्टच माणसाला छळतो, असं तो म्हणायचा; मला हा 'च' सगळीकडे दिसतो.) झोप सुधारली. चुका तशाच राहिल्या.

मग तिला चुकलेला एक प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला. रक्त चढवायला लागून दहा मिनिटं झालीत, पेशंटला हुडहुडी भरलीय, कंबर दुखतेय. आधी काय कराल? तिनं 'डॉक्टरांना कळवणे' निवडलं होतं.

"वॉर्डात असं कधी झालं?"

"झालं की. रात्री अडीचला."

"मग?"

"रक्त बंद केलं. सेट बदलून सलाईन लावलं, बीपी घेतला, मग सरांना फोन."

"बंद करताना कुणाला विचारलंस?"

तिनं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "कुणालाच नाही. सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. 'तू डॉक्टर झालीस का' म्हणून."

मीही जरा वेळ गप्प बसले. बरोबर केल्याबद्दल बोलणी खाल्लेली बाई, संगणकासमोर बसून पुन्हा कुणाची तरी परवानगी शोधत होती. अजून एक प्रश्न काढला. डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध द्यायचंय, आणि मिनिटभर मोजलेले ठोके आधीच कमी, ५२. तिथंही 'डॉक्टरांना कळवणे'.

"तू गोळी दिली असतीस?"

"छे! गोळी आधी हातातच राहिली असती," म्हणाली आणि स्वतःच हसली. वीस वर्षांच्या कामात असं हसू मला मोजकंच ऐकायला मिळालंय.

तुमचंही असंच होत असेल, तर नवी वही आणू नका. प्रश्न वाचून पर्याय हातानं झाका आणि त्या पेशंटच्या खाटेजवळ उभ्या राहा. पुढची पाच मिनिटं काहीच केलं नाही, तर त्याचं काय होईल? जे हाताशी आहे आणि नर्सनंच थांबवायचं किंवा सुरू करायचं आहे, ते आधी. फोन त्याच्या मागोमाग. डॉक्टरांना कळवणं चूक नसतंच, म्हणून तर ते फसवतं. प्रश्न 'आधी' काय, असा असतो. मात्र तुमच्या हातात करण्यासारखं काही उरलंच नसेल, तिथं फोनच पहिला. चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहून भागत नाही. ते का सोडलं, हे एका ओळीत लिहा. रेखाच्या पानावर 'सर रागावतील' अकरा वेळा निघालं. आणि नाईट करून आल्यावर वाचायला बसू नका, आधी झोपा.

आणखी एक. ही परीक्षा ८५ प्रश्नांनंतर कुठंही थांबू शकते, १५० पर्यंत जाऊ शकते. लवकर थांबली म्हणजे गेली, असं नाही. मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, तेव्हा तो मनातही तिथंच सोडायचा. हे मात्र ड्यूटीवरच्या बाईला सवयीचं असतं.

रेखानं दुसऱ्यांदा हैदराबादला दिली. संध्याकाळी मेसेज आला : "११२ वर बंद झालं. रक्ताचा प्रश्न आला होता मॅडम, कुणाला विचारलं नाही. आता नांदेडची गाडी बघते."