एम.ए. इंग्रजी करताना केंब्रिजच्या सी१ ॲडव्हान्स्ड या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी क्लासशिवाय होईल का?

होईल. मी चाळीसगावहून जळगावला रोज रेल्वेने ये-जा करत एम.ए. केलं, आणि बरीचशी तयारी गाडीतच झाली.

शेक्सपिअरवर दहा पानं लिहिणारे आपण अडतो ते ‘रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश’ या पेपरात. ९० मिनिटं, ५६ प्रश्न. त्यातला चौथा भाग मला सगळ्यात अवघड गेला: दिलेला शब्द जसाच्या तसा वापरून ३ ते ६ शब्दांत वाक्याचा तोच अर्थ वेगळ्या रचनेत आणायचा. यासाठी सुटे शब्द पाठ करून काही हाती लागत नाही. वाचताना कोणत्या क्रियापदामागे कोणतं प्रिपोझिशन येतं ते बघा, अख्खं वाक्य वहीत उतरवा आणि आठवड्याने अर्धं झाकून पुन्हा लिहा. मी अशा दोन वह्या भरल्या, त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

रायटिंगमध्ये दोन उत्तरं, प्रत्येकी २२० ते २६० शब्द. पहिलं उत्तर म्हणजे निबंध, तो सक्तीचा. विद्यापीठाच्या सवयीने पुरवण्या जोडायचं इथे विसरा. लिसनिंग प्रत्येक वेळी दोनदा ऐकवतात, घाबरू नका.

स्पीकिंग जोडीने घेतात, म्हणून सरावाला एखादा मित्र हवाच. आणि घरी अहिराणी बोलतो म्हणून उच्चारांची लाज मुळीच धरू नका. तुमचं बोलणं स्पष्ट समजतं का, हे तिथे पाहतात. साहेबासारखी ढब कुणी मागत नाही.