'घनवादी' चित्र 'अमूर्त' कसं?

विचारणा अशी: पिकासो आणि ब्राक या विसाव्या शतकातल्या चित्रकारांच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणावं की 'घनवादी'? आणि 'घनवाद' हा त्यांच्या शैलीच्या 'क्युबिझम' या नावाचा नुसता तर्जुमा आहे का?

'अमूर्त' मुळीच म्हणू नये. जे कळलं नाही ते अमूर्त, असा हल्ली रिवाजच पडलाय. प्रदर्शनांच्या उद्घाटनाची भाषणं तर ऐकवत नाहीत. पिकासोनं १९१० साली कानवायलर या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र केलं. माणसाच्या ठिकऱ्या उडाल्यात, पण गुंफलेले हात दिसतात, घड्याळाची साखळी दिसते. मग अमूर्त कसलं?

'घन'चा गणितातला अर्थ शाळेत झालाय, तो सोडा. खरी गंमत पाणिनीकडे आहे: 'मूर्तौ घनः'. 'हन्' म्हणजे मारणं, ठोकणं. त्यापासून मूर्ती या अर्थी 'घन' होतो. ही मूर्ती देव्हाऱ्यातली नव्हे. पाणिनीवरची टीका काशिकावृत्ती सांगते, मूर्ती म्हणजे काठिन्य, आणि उदाहरण देते 'दधिघन'! आपलं कवडी दहीच की हे. लोहाराचा घणही याच कुळातला. 'मूर्त' शब्दसुद्धा 'मूर्च्छ्' धातूचा: थिजलं, घट्ट झालं ते मूर्त. (मूर्च्छा त्याची सख्खी बहीण, संगीतातली मूर्च्छनाही.) 'मूर्ती असलेलं ते मूर्त' अशी फोड करणारे गाडी उलटी हाकतात. थोडक्यात, 'अमूर्त घनवाद' म्हणजे पातळ कवडी दही.

म्हणूनच माझं मत, 'घनवाद' हा मूळ शब्दापेक्षा सरस आहे. फ्रेंच शब्द टवाळीतून आला. ब्राकनं १९०८ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक गावची घरं-झाडं रंगवली. नोव्हेंबरात कानवायलरच्या दालनात ती पाहून लुई व्होसेल या समीक्षकानं लिहिलं की हा सगळ्याचे ठोकळे ('क्यूब') करतो. आपल्याकडचे काही जाणकार त्याही मागे जाऊन ठोकळ्याचं पितृत्व आधीच्या पिढीतल्या सेझान या चित्रकाराच्या माथी मारतात. त्यांनी त्याचं एमिल बर्नार या चित्रकाराला लिहिलेलं १९०४ चं पत्र उघडावं: निसर्ग हाताळायचा तो दंडगोल, गोल आणि शंकू यांतून. ठोकळ्याचं नाव नाही! सेझानला हवा होता घट्टपणा, म्हणजे पाणिनीचाच घन.

'अमूर्त' वापरायचाच असेल तर मोंद्रियान या डच चित्रकाराच्या १९२० नंतरच्या, नुसत्या काळ्या रेघा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांच्या चित्रांना वापरा. त्याच्या १९११ च्या राखाडी झाडाला मात्र नको. त्याला अजून फांद्या आहेत.