आरएनएला औषध चिकटते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात जिवाणूच्या रायबोसोममधील (प्रथिने बनवणारे पेशीतले यंत्र) ‘ए-साइट’चा, म्हणजे औषध जिथे बसते त्या जागेचा, २७ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए तुकडा वापरते आहे. १४९२व्या जागी अॅडेनिनऐवजी चमकणारे २-अमिनोप्युरीन आहे. नुसत्या पाण्यात पॅरोमोमायसिन हे प्रतिजैविक त्याला झकास चिकटते, पण बफरमध्ये मीठ घातले की पकड ढिली पडते. पकडीचा खरा आकडा कोणता?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : मिठातला. पॅरोमोमायसिनवर पाच अमिनो गट आहेत आणि सामू ७ च्या आसपास त्यांतले बहुतेक धनभारित असतात. आरएनएचा कणा फॉस्फेटमुळे ऋणभारित. पाण्यात मध्ये कोणी नसल्याने हे औषध कोणत्याही आरएनएला जाऊन बिलगते, त्यात ‘ए-साइट’चे कौतुक काही नाही. १०० ते १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड असले की सोडियम आयन फॉस्फेटांभोवती गर्दी करतात, आणि जी पकड उरते तीत आकाराचा वाटा मोठा असतो. तरी खात्रीसाठी दहापट टीआरएनए (‘ए-साइट’ नसलेला दुसरा आरएनए) घालून पाहा. चमक कोसळली, तर तुम्ही मोजत होता तो नुसता विद्युतभार.

पाण्यातला आकडा आणखी एका कारणाने फसवा आहे. आरएनए १ मायक्रोमोलर आणि पकड त्याहून कितीतरी घट्ट असली, तर आलेख सरळ चढतो आणि एकास एक प्रमाणावर आडवा होतो. त्यातून किती रेणू बसले ते कळते, किती घट्ट बसले ते नाही. तेव्हा आरएनए ०.१ मायक्रोमोलरवर आणा किंवा मीठ वाढवा.

घडी घालताना १० मिलिमोलर बफरमध्ये, मॅग्नेशियमशिवाय, ९५ अंशांवर २ मिनिटे तापवून नळी थेट बर्फात खुपसा. सावकाश थंड केले तर दोन तुकडे एकमेकांना गुंफतात. मॅग्नेशियमसकट तापवले तर आरएनए तुटतो. मीठ त्यानंतर. ३१० नॅनोमीटरने उत्तेजित करून ३७० वर चमक वाचा, आणि सगळे मिळून घातलेले औषध मूळ आकारमानाच्या ५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

तुलनेसाठी १४०८व्या जागी अॅडेनिनऐवजी, माणसाच्या मुख्य रायबोसोमसारखे, ग्वानिन असलेला तुकडाही मागवा. मात्र त्यासोबत नियोमायसिन वापरा. दोन्ही औषधांत फरक एकाच जागेचा : पहिल्या कड्याच्या ६′ जागी नियोमायसिनला अमिनो गट, पॅरोमोमायसिनला हायड्रॉक्सिल. ग्वानिनला तो अमिनो खपत नाही, हायड्रॉक्सिल बऱ्यापैकी चालतो. एकट्या पॅरोमोमायसिनवर विसंबलात तर तुलना फिकी दिसेल.

आणि आपल्याकडच्या पावसाचे. या औषधांच्या सल्फेटची पूड ओल ओढते. जुलैत बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडली की आत दव धरते, आणि तुम्ही औषधासोबत पाणीही तोलता. बाटली बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग झटपट तोला. सल्फेटचे वजनही हिशेबात धरा.

प्रश्न : मामांना जेंटामायसिनच्या इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले. औषध जंतूंच्या आरएनएवर बसते, मग कानावर कसे आले?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या पेशींच्या मुख्य रायबोसोममध्ये १४०८व्या जागी ग्वानिन असते, त्यामुळे औषध तिथे नीट बसत नाही, म्हणून ते बऱ्यापैकी सुटतात. मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीतल्या ऊर्जाघरांचे) रायबोसोम मात्र जिवाणूंच्या वळणाचे, तिथे त्या जागी अॅडेनिनच आहे. काहींच्या या मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमच्या १२एस आरएनएत १५५५व्या जागी अॅडेनिनचे ग्वानिन झालेले असते. त्यामुळे एक जादा जोडी जुळते, ती जागा जिवाणूसारखी दिसू लागते आणि औषध तिथे अधिक घट्ट बसते. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

हा बदल नसतानाही मोठी मात्रा, लांबलेला कोर्स किंवा अधू मूत्रपिंडे यांमुळे कान जाऊ शकतात, त्यामुळे मामांचे कारण हेच, असे इथून म्हणता येणार नाही. पण असलेच, तर ते आजीकडून आलेले, कारण मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच मिळतात. म्हणजे तुमच्या आईकडे आणि तुम्हा भावंडांकडेही ते असणार, मामांच्या मुलांकडे मात्र त्यांच्यामार्फत जाणार नाही. जनुकीय तपासणीत ते कळते. तोवर जेंटामायसिन, अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन टोचण्याआधी डॉक्टरांना मामांचे सांगा. पर्यायी प्रतिजैविक बहुधा असते.