दवाखान्यातल्या फार्मासिस्टला पेशंटच्या उपचारात खरंच काही स्थान असतं का?

तुमची मुलगी डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. दवाखान्यात नोकरी मिळण्यासारखी आहे, पण तिथं दिवसभर खिडकीत बसून चिठ्ठीवरच्या गोळ्या कापून देण्यापलीकडं काही असतं का, की त्यापेक्षा निपाणीत स्वतःचं मेडिकल टाकावं, असं तुम्ही विचारलंय.

स्थान असतं. कायद्यात आहे आणि रोजच्या कामातही आहे. दवाखाना चालवणाऱ्यांना आणि बऱ्याच डॉक्टरांना ते मान्य नसतं, हा भाग वेगळा. मी बेळगावातल्या एका दवाखान्याच्या फार्मसीत बरीच वर्षं काढलीत, त्यामुळं ‘गोळ्या कापून देणं’ वाचल्यावर गप्प बसवलं नाही.

आमच्या खिडकीवर खानापूर, गोकाक, हुक्केरीची माणसं येतात, तशीच चंदगड-गडहिंग्लजचीही येतात. एकाच माणसाकडं कोल्हापूरच्या डॉक्टरची एक चिठ्ठी, बेळगावची दुसरी आणि गोव्यात कामाला असलेल्या मुलानं आणून दिलेल्या गोळ्या तिसऱ्याच. सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती पिशवी काउंटरवर ओतायला लावली की दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत तीच टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी, निघते, आणि माणूस दोन्ही इमानदारीनं घेत असतो. वरून तक्रार काय, तर उठलं की चक्कर येते. डॉक्टरांसमोर तो माणूस चार-पाच मिनिटं बसतो आणि तिथं ही पिशवी निघत नाही. ती आमच्याकडं निघते, कारण औषध घ्यायला सगळ्यांना आमच्याकडंच यावं लागतं.

आता आजींचं सांगते. खानापूरकडच्या होत्या, नातवाबरोबर यायच्या. इन्शुलिन सुरू होतं आणि साखर काही उतरत नव्हती. सकाळचा डोस २० युनिट होता, तो २४ झाला, मग ३०. दर वेळी फाइलवर तेच : ‘पथ्य पाळत नाहीत’. नातू बिचारा शपथेवर सांगत होता की आजी भाताला हातसुद्धा लावत नाही. त्या दिवशी मी आजींना म्हटलं, घरी कसं घेता ते मला करून दाखवा. त्यांनी पिशवीतून सिरिंज काढली आणि मला कळलं. टोपण नारिंगी होतं.

आपल्याकडं बाटलीतलं साधं इन्शुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीलीटरला ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची असते १०० ची, म्हणजे मिलीलीटरला १०० युनिट असलेल्या इन्शुलिनसाठी. बाहेरच्या एका मेडिकलात लाल शिल्लक नव्हती म्हणून नारिंगी दिली होती, ‘सगळ्या सारख्याच’ असं सांगून. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की ०.२ मिलीलीटर येतं. ४० च्या बाटलीतलं ०.२ मिलीलीटर म्हणजे फक्त ८ युनिट. डोस ३० झाल्यावरही आजींच्या अंगात १२ च जात होते. "डाक्तरांनी सांगितलं तितक्या रेघेपर्यंतच भरतो की गं मी," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं अक्षरशः बरोबर होतं.

पण खरा धोका पुढं होता. मी नुसती लाल सिरिंज हातात देऊन त्यांना घरी पाठवलं असतं, तर दुसऱ्या दिवशीपासून ३० चे खरे ३० गेले असते. एकदम अडीचपट. साखर झटकन खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, आणि म्हातारं माणूस घरात एकटं असेल तर बेशुद्ध पडलेलंही कुणाला कळत नाही. म्हणजे सिरिंज बदलायची, तर डोसही पुन्हा ठरवायला हवा. तो मी ठरवू शकत नाही, ठरवूही नये. म्हणून आजींना बाकावर बसवलं आणि मी वर ओपीडीत गेले.

आजींना तपासणाऱ्या डॉक्टरसरांनी माझं बोलणं अर्ध्यातच थांबवलं. पेशंट बसलेले असताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही शुगर बघू नका, स्टॉक बघा."

मी बाहेर येऊन बाटलीवरचा ४० चा आकडा, सिरिंजचा प्रकार आणि प्रत्यक्ष किती युनिट जातात, हे सगळं चिठ्ठीवर लिहिलं आणि त्यांच्या हाताखालच्या ज्युनियर डॉक्टरांकडं दिलं. ते खाली आले, बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून स्वतः बघितली आणि परत वर गेले. डोस उतरवला गेला. पुढच्या तपासण्यांत साखर हळूहळू ठिकाणावर आली. फाइलवर ‘डोस कमी केला’ एवढंच आलं. आम्हाला मात्र व्यवस्थापनाकडून सूचना आली की फार्मसीच्या माणसांनी खिडकी सोडून ओपीडीत जायचं नाही, रांग थांबते.

रांग थांबली, कबूल. पण ती आजी रात्री बेशुद्ध होऊन इमर्जन्सीत आली असती, तर किती माणसांचा किती वेळ गेला असता? हे मी त्या वेळी मॅनेजरांना विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं नाही. आजही विचारते. आणि सरांनाही सांगते, स्टॉक बघणं म्हणजे काय समजलात? फ्रिज २ ते ८ अंशांत आहे की नाही, दिसायला सारख्या दोन इंजेक्शनांचे ट्रे शेजारी तर नाहीत, नळीतून जेवण चालू असलेल्या पेशंटची हळूहळू विरघळणारी गोळी वॉर्डात कुटून दिली जाते का, हे सगळं स्टॉकच्याच माणसाला दिसतं. गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. हा उपचार नाही, तर मग काय आहे?

कायद्याचं विचाराल, तर १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टशिवाय कुणी द्यायचंच नाही; डॉक्टरांनी स्वतःच्या पेशंटला दिलं तर तेवढा अपवाद. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. उपकार म्हणून करायची गोष्ट नाही ती. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर कळवता येतं, पेशंटलाही आणि फार्मासिस्टलाही. किती दवाखान्यांत हा नंबर भिंतीवर दिसतो ते तुम्हीच बघा.

स्वतःच्या मेडिकलचं मी फारसं सांगू शकणार नाही. भांडवल, जागा, उधारी, ते धंद्यातल्या माणसाला विचारा. एवढं खरं की दुकानात पेशंटचे रिपोर्ट आणि फाइल तुमच्यासमोर नसतात. मुलीला औषधापेक्षा माणसात रस असेल तर तिनं आधी दवाखाना बघावा. दवाखान्यात पगार सुरुवातीला कमीच असतो, त्यात मी खोटं बोलणार नाही.

आणखी एक. सगळे डॉक्टर तसे नसतात. औषधावर शंका आली की स्वतः खाली फोन करणारेही मी बघितलेत, आणि त्या ज्युनियर डॉक्टरांनी त्या दिवशी जे केलं ते मी विसरणार नाही. मोठ्या ठिकाणी आता फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) केलेली मुलं वॉर्डात राउंडला जातात. तो कोर्स २००८ ला आला, सहा वर्षांचा आहे. डी.फार्म.वर लगेच ते काम मिळेल असं नाही. आणि हे वाचून कुणी घरातला इन्शुलिनचा डोस स्वतः बदलू नका. १०० च्या बाटल्याही मिळतात, तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का ते बघा, आणि नसेल तर दोन्ही घेऊन डॉक्टरांकडं जा.

मुलीला मुलाखतीत दोनच गोष्टी विचारायला सांगा : चिठ्ठीवर शंका आली तर मी डॉक्टरांना थेट फोन करू शकते का, आणि भरती पेशंटची फाइल मला बघायला मिळते का. दोन्हीला ‘नाही’ आलं, तर मग निपाणीचं दुकानच बरं. तिथं निदान रांग थांबवायची की नाही, हे तिचं तिनं ठरवता येईल.