आधी थंड इंजिनाला भेटा

प्रश्न : मला पहिल्यापासून दोन दारांची, पळणारी गाडी हवी होती. नवी परवडत नाही. आता एक १२ वर्षांची टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची गाडी बऱ्याच कमी भावात मिळतेय. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललाय, गाडी थोडी खाली बसवलीय. मालक म्हणतो, 'हौसेपुरतीच चालवली.' बाबा म्हणतात, 'एवढी स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.' मी मेकॅनिक नाही. बघायला जाताना नेमकं काय बघू?

उत्तर : बाबांचा संशय रास्त आहे आणि तुमची हौसही रास्त आहे. अशा गाड्या स्वस्त होतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आधीच्या मालकाने गाडी पळवण्यावर पैसे घातले, राखण्यावर घातले नाहीत. तुम्हाला शोधायचंय ते एवढंच.

जाण्याआधी फोन करून सांगा, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर चहापाण्यात न अडकता दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्या. हे मी प्रत्येकाला बजावून सांगते, कारण थंड इंजिन लपवाछपवी करत नाही. रात्रभर उभ्या गाडीत ऑईल खाली उतरलेलं असतं. सैल झालेली टायमिंग चेन (वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) पहिले काही सेकंद खडखडते, झिजलेल्या वॉल्व्ह सीलमधून (वॉल्व्हपाशी ऑईल अडवणाऱ्या रबरी कडीतून) झिरपलेलं ऑईल पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन निघतं. इंजिन तापलं की यातलं बरंचसं गप्प होतं. विकणाऱ्यालाही हे माहीत असतं.

चालू करण्याआधी डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) काढा. ऑईल काळं असणं हा दोष नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मात्र टर्बो गाडीत मी लगेच सावध होते, कारण टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑईलच्या पातळ थराचा. मग ऑईलचं झाकण उघडून आतून बघा. आत सायीसारखा पिवळट थर दिसला तर ऑईलमध्ये पाणी गेलंय. गाडी फक्त जवळच्या जवळ फिरली असेल तर दमटपणानेही थोडा थर धरतो. म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकीही बघा. तिथे तेलाचा तवंग असेल तर हेड गास्केटचा (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालच्या सांध्यातल्या पट्टीचा) संशय पक्का होतो. कूलंटचं झाकण थंड असतानाच उघडायचं. गरम असताना कधीही नाही, हात भाजतो.

आता सोबतच्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. थंडीत निघणारी पांढरी वाफ थोड्या वेळात विरते, तिची काळजी नको. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो दोष बऱ्याचदा आटोक्यातला असतो. स्टार्ट केल्यावर एक-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाईप दाबून बघा. इंजिन अजून कोमट असताना पाईप दगडासारखा कडक झाला असेल तर जळालेला गॅस कूलंटमध्ये घुसतोय.

टेस्ट ड्राइव्हला आधी मालकालाच चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. तापमानाचा काटा वर यायच्या आत तो गाडी ताणतोय का, ते बघा. थंड इंजिनावर लाल रेषेपर्यंत जाणारा माणूस 'हौसेपुरती' म्हणजे काय, ते तुम्हाला न सांगता दाखवतो. मी तर तिथेच निम्मा निर्णय घेते.

मग तुम्ही चालवा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. पहिल्यावरून दुसऱ्यात जरा चटकन टाका. पळवलेल्या गाड्यांत दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर न घासता जुळवणारी कडी) बऱ्याचदा सगळ्यात आधी जातो आणि कर्रकन आवाज येतो. गिअरमध्ये असताना पाय उचला, काही क्षण तसंच जाऊ द्या, मग परत दाबा आणि मागच्या काचेतून बघा. पाय उचलून पुन्हा दाबल्यावर निळा धूर निघाला तर बोट वॉल्व्ह सीलकडे. जोर लावताना सतत निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. शेवटी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा. कटकट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा सांधा.

सायलेन्सर आणि फिल्टर बदललाय, याची मला स्वतःला भीती वाटत नाही. दोन गोष्टी मात्र विचारा : इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप (पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ठरवणारी मांडणी) बदललाय का, आणि काढलेले मूळ भाग कुठे आहेत? जो मालक मूळ भाग खोक्यात जपून ठेवतो आणि बिलं फाईलला लावतो, त्याची बदललेली गाडीही मी घेईन. मॅप बदलला, पण कोणी आणि किती, हे सांगता येत नसेल तर नको. खाली बसवलेल्या गाडीचे टायर आतल्या कडेला हात फिरवून बघा. बाहेरून छान दिसणारा टायर आतून तारांपर्यंत झिजलेला असू शकतो. टायरच्या बाजूवर कोड असतो, त्याचे शेवटचे ४ आकडे टायर कधी बनला ते सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात कुठे आखडला ते कळतं.

पत्र्याचं थोडक्यात सांगते. बॉनेटखाली मडगार्डचे बोल्ट बघा, पान्याने रंग उडाला असेल तर ते उघडले गेलेत. शॉकअपचे वरचे बुरूज आणि पुढचे चासीचे दांडे यांवर सुरकुती किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर तिथून निघा.

टायमिंग बेल्ट असेल तर बदलल्याचं बिल मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत. तोंडी 'बदललाय' म्हणजे बदललेला नाही असंच धरा. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं.

एवढ्यातून गाडी पार पडली तर ओळखीच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो, ते मोजायची चाचणी) करून घ्या, मालकाच्या गॅरेजमध्ये नको. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. एखादा फारच मागे असेल तर त्यात थोडं ऑईल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर वॉल्व्ह किंवा गास्केट. मालकाने टेस्टलाच नकार दिला तर उत्तर मिळालं. ब्रेक पॅड, शॉकअप, बुश, टायर, अगदी क्लचसुद्धा भाव पाडून घ्यायच्या गोष्टी आहेत. हेड, गिअरबॉक्स आणि वाकलेली चासी यांवर घासाघीस करत बसू नका, गाडी सोडा.

प्रश्न : माझदा आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय. थंड स्टार्ट एकदम छान झाला. घेऊ का?

उत्तर : वर मी जे सांगितलं ते या गाडीला उलटं लावायचं. २००३ ते २०१२ या काळात बनलेल्या या गाडीत पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर आहेत. त्यांच्या टोकांच्या पट्ट्या झिजल्या की ते बहुधा गरम इंजिनावर आधी कळतं. गाडी चांगली तापवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. स्टार्टर खूप वेळ फिरत राहिला तर कॉम्प्रेशन उतरलंय. साधा मीटर इथे पुरत नाही, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवणारा लागतो. ती टेस्ट झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ऑईल कमी होतं म्हणून मात्र घाबरू नका. हे इंजिन पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑईल मुद्दाम जाळतं, म्हणून पातळी वारंवार बघायची सवय ठेवावी लागते.

प्रश्न : मालकाने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून दाखवला, बिघाडाचा एकही कोड नव्हता. आणखी तपासायची गरज आहे का?

उत्तर : आहे. कोड एका बटणाने पुसता येतात. त्याच स्कॅनरवर 'रेडिनेस' बघा. कॉम्प्युटरने आपल्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्या, ते तिथे दिसतं. बऱ्याचशा 'अपूर्ण' असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन-चार दिवस गाडी नेहमीसारखी चालवून पुन्हा दाखवा, असं सांगा. चावी ऑन केल्यावर इंजिनचा दिवा लागायलाच हवा आणि स्टार्ट झाल्यावर विझायला हवा. तो मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो काढलाय. आणि घासलेला सिंक्रो किंवा घसरता क्लच स्कॅनरला सहसा दिसत नाही. तो तुमच्या हातापायालाच जाणवेल.