ब्रायर पाइपवरच्या पॉलिशला फोड

प्रश्न : वडिलांच्या तंबाखू ओढायच्या जुन्या ब्रायर (एका झुडपाच्या लाकडाच्या) पाइपवर, तंबाखू भरायच्या वाटीच्या काठाजवळ पॉलिशला फोड येऊन पापुद्रे निघताहेत. वरून व्हार्निशचा हात दिला तर चालेल का?

उत्तर : नको. फोड व्हार्निशसारख्या थरामुळेच आलेत. वाटी तापली की लाकडातला ओलावा बाहेर येऊ पाहतो, वर बंद पापुद्रा असेल तर तोच फुगतो. नवा थरही तसाच सुटेल.

आधी मुखाची नळी काढून ठेवा. ती ॲक्रिलिकची असली तर ॲसिटोनने विरघळते. वाटीत कापसाचा बोळा घट्ट बसवा. बाहेरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका फिरवा. थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश, तेवढ्यानेच निघेल. ढिम्म हललं नाही तर ॲसिटोन वापरा, खिडक्या उघडून.

मग नळी परत बसवून घासा. नळीशिवाय घासलं तर सांध्याची कड गोल होते आणि तिथे कायमची फट दिसते. पॉलिश पेपर ४००, ६००, १००० नंबर या क्रमाने. कंपनीचा ठसा मात्र चुकवा, तो एकदा पुसला की गेलाच. रंग उडालेल्या जागी चामड्याचा स्पिरिटवाला डाय तिप्पट अल्कोहोलमध्ये पातळ करून लावा आणि रात्रभर वाळू द्या.

शेवटी कार्नोबा मेण, म्हणजे ताडाच्या एका जातीच्या पानांपासूनचं कडक मेण. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे नुसत्या हाताने पसरत नाही. सुती बफव्हील, म्हणजे मोटरवर फिरणारं कापडी चाक हवं. व्हील एका जागी रोखून धरू नका, रंग जळतो.