रिमोट कुणाकडे? दया, भूतणी आणि गँगवॉर

या वेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट्समध्ये (अहो, दोन ओळी लिहा ना!) रडगाणं एकच, टीव्हीवरची कॉमेडी पूर्वीसारखी राहिली नाही. त्यातली चार घेतलीयेत, बाकीच्यांनी रागावू नका.

ताई, 'चला हवा येऊ द्या' परत आलं म्हणून सगळे जेवणं आटपून बसलो, तर निलेश साबळे नाही, भाऊ कदम नाहीत. म्हणजे वरणभातात वरणच नाही. साबळेंच्या जागी आलेला अभिजीत खांडकेकर बोलतो छान, पण मजा येत नाही. शो गेला का आम्हीच म्हातारे झालो? – एक वाचक, इचलकरंजी

वरणभाताचं आवडलं, पण मला अर्धंच पटलं. भाऊ कदम नुसते विंगेतून बाहेर येऊन उभे राहिले तरी लोक हसायचे, कारण ओळख होती, 2014 ते मार्च 2024, थोडीथोडकी नाही. सागर कारंडे साडी नेसून आले की आता काय होणार ते आपल्याला माहीत असायचं, भारत गणेशपुरे वऱ्हाडीत सुरू झाले की माहीत असायचं, आणि ते माहीत असणं हाच अर्धा विनोद होता. जुलै 2025 मध्ये शो परत आला तो 'कॉमेडीचं गँगवॉर' होऊन, म्हणजे श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, गौरव मोरे वगैरे मंडळी गँगलीडर आणि त्यांच्या हाताखाली ऑडिशन देऊन आलेली नवी पोरं. आता त्या पोराने स्टेजवर येऊन पहिल्या मिनिटात सांगायचं की मी कोण, कुठला, कशावर चिडतो, आणि मग हसवायचं. भाऊंना ते पहिलं मिनिट लागतच नव्हतं.

बरं, जुनी माणसं आणली की झालं असंही नाही. एप्रिल 2024 मध्ये कलर्स मराठीवर साबळे, भाऊ आणि जोडीला ओंकार भोजने असा शो आला होता, नावच 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!'. आठवतोय? नाही ना, कारण फार चाललाच नाही. माणसं तीच होती, साबळेंचं ते नेहमीचं वाक्य तेच होतं, फक्त 'हवा'तलं ते गाव, थुकरटवाडी, नव्हतं.

आणि एक प्रयोग मी स्वतःवर केलाय तो सांगते. जुनी 'हवा' मी बघते ती रीलवर, 40 सेकंदांचा तुकडा, त्यातला सगळ्यात भारी पंच, की पुढचं. म्हणून मागच्या रविवारी इस्त्री करता करता जुना एक एपिसोड अख्खा लावला. पाहुण्यांचं कौतुक, पिक्चरचा ट्रेलर, परत कौतुक, दोन शर्ट आणि एक परकर झाला तरी मी काही हसले नव्हते. मग कुशलचं स्किट आलं आणि तिसऱ्या शर्टाची कॉलर जळता जळता वाचली. शेवटी पोस्टमनकाकांनी अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचलं तेव्हा मात्र इस्त्री बंद करून खाली बसले. तेव्हा तुम्ही जुन्याचे 40 सेकंद आणि नव्याचा अख्खा एपिसोड एकाच तराजूत टाकताय का ते बघा आधी. (म्हातारे झालात का ते मी सांगू शकत नाही, फोटो पाठवला नाहीत.)

माझी आई 82 वर्षांची आहे, रोज साडेआठला 'तारक मेहता' लावते आणि रोज विचारते, दया आली का? मी रोज सांगतो, उद्या येईल. हे पाप आहे का? – एक वाचक, नाशिक

अजिबात नाही, मालिकावालेही तेच करतात की! दया झालेल्या दिशा वकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या सुट्टीवर गेल्या त्या गेल्याच. मालिका सुरू झाली 28 जुलै 2008 ला, म्हणजे दया असताना नऊ वर्षं आणि आता दयाशिवायही जवळजवळ तेवढीच. मधल्या काळात त्या सोसायटीत काय काय बदललं बघा. टप्पू तिसरा चालू आहे, भिडेंची सोनू चौथी, डॉक्टर हाथी बदलले, अहो खुद्द तारक मेहता बदलले, शैलेश लोढांच्या जागी सचिन श्रॉफ आले आणि आपण दोन आठवडे कुरकुर करून परत बघायला लागलो. फक्त दया कुणाला दिली नाही.

का, तर माझं मत असं की बाकीच्यांचे रोल होते आणि दया हा आवाज होता. 'हे माँ, माताजी' दुसऱ्या बाईने म्हटलं तर ते मिमिक्रीच वाटणार, आणि मिमिक्री पाच मिनिटं चालते, रोज साडेआठला नाही.

पण मला गंमत वेगळीच वाटते. दयाची आई आठवते? इतक्या वर्षांत एकदाही दिसली नाही, नुसता फोन. तिकडे अहमदाबादला ती बसलेली, इकडे जेठालालची तंतरलेली. न दिसणाऱ्या माणसावर ही मालिका पहिल्यापासून चाललीये आणि आता दया स्वतःच तिच्या आईसारखी झाली, अहमदाबादला, फोनच्या पलीकडे. दयाचा भाऊ सुंदर येतो, आज ना उद्या घेऊन येतो म्हणतो, जेठालाल हरखतो, आणि आपल्याला माहीत असतं की काही येत नाही. अशा वेळी फोन धरलेला जेठालाल, म्हणजे दिलीप जोशी, नीट बघा. पलीकडचं आपल्याला काही ऐकू येत नाही, पण आधी भुवया वर जातात, मग तोंड उघडं राहतं, मग शर्टाची बाही उगाच नीट करतात, आणि पलीकडून काय सांगितलं असेल ते आपल्याला कळतं. आईंना म्हणावं दया सोडा, त्या भुवया बघा. उद्या येईल हे मात्र सांगत राहा.

आमची दुसरीतली मुलगी 'तारक मेहता'तल्या त्या चकोरी भूतणीमुळे बाथरूमला एकटी जात नाही. विनोदी मालिकेत भूत कशाला लागतं? – एक आई, डोंबिवली

टीआरपीला लागतं. 2025 च्या उन्हाळ्यात गोकुळधामची मंडळी सुट्टीला बंगल्यावर गेली, तिथे ही बाई निघाली आणि एवढी जुनी मालिका टीआरपीच्या यादीत थेट एक नंबरला. विनोदाने जे होत नव्हतं ते भुताने करून दाखवलं, काय बोलणार. लेकीला पुढचा भाग दाखवा, रतन बिंजोलाचं राजस्थानी कुटुंब सोसायटीत राहायला येतं, तेही उंटावरून. उंटाने भूत उतरतं असा आमच्या घरचा अनुभव आहे, भाचीवर केलाय.

'हास्यजत्रे'त प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर खरंच एवढे हसतात का? का पैसे घेऊन हसायचं म्हणून हसतात? – एक वाचक, पुणे

पुण्याहून हा प्रश्न येणारच होता! पहिलं म्हणजे तिथे त्यांना परीक्षक म्हणत नाहीत, हास्यरसिक म्हणतात, म्हणजे हसणं हेच काम आहे, आणि काम करून पैसे घेतले तर बिघडलं काय? राहिलं खरं-खोटं. अशा शोमध्ये हसणाऱ्यांवर वेगळा कॅमेरा लावलेला असतो, आणि पंचनंतर कुणाचा चेहरा, किती वेळ ठेवायचा ते एडिटर ठरवतो. त्यामुळे पंच बेताचा असला तरी समोरचा टाळी देऊन हसताना दिसला की आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी ऐकायचं राहिलं, आणि मागून आपणही हसतो. विशाखा सुभेदार शो सोडून गेल्या, 2024 मध्ये गौरव मोरेही गेला, तेव्हापासून हे चेहरे जास्त दाखवतात असं माझं आपलं मत, मोजून बघितलेलं नाही.

खात्री करायची तर आमच्याकडे या. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, मशीन लावायचं नाही, आणि सासूबाई आवाज वाढवू देत नाहीत, त्यामुळे ते 'हास्यजत्रा' मुकीच बघतात. 'वाह दादा वाह' नाही, पंच नाही, म्युझिक नाही. प्रसाद-सई कितीही हसले तरी हे आपले सुपारी कातरत बसलेले. पण समीर चौघुले नुसते चालत आले, एक खांदा वाकडा करून, काहीतरी सांगायचंय आणि तोंडातून निघत नाहीये असं ते तोंड, की यांचा अडकित्ता थांबतो आणि पोट हलायला लागतं. परवा तर ठसका लागेपर्यंत हसले, मी पाणी दिलं, आणि मग मला विचारतात, "काय म्हणाला गं तो?"

मी सांगितलं नाही. त्या जागी तो काही म्हणालाच नव्हता.